तहकूब सभा

"सहा नंबरचा विषय तेवढा काढ," युवराज म्हणाला. "बाकी सगळं हाय तसं राहू दे."

सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. उत्कर्षा उद्याच्या झेंडावंदनाच्या साडीला इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही.

"निघत नाही तो. नोटीस लागलीय. दवंडी झालीय."

"दवंडी देणारा बसू आपलाच माणूस हाय. सांगितलं तर आणि एक दवंडी देईल."

"आणि काय ओरडेल? सरपंचबाईंचा विचार बदलला म्हणून?"

"व्हय. बदलत न्हाय का माणसाचा विचार?"

"माझा नाही बदलला."

युवराजनं कपाळाला हात लावला आणि तो पलंगाच्या कडेवर बसला. बायकोला सरपंच करायचं त्यानंच ठरवलं होतं. होनकट्टीची जागा महिलांसाठी राखीव निघाली तेव्हा तो आठवडाभर चिडचिड करत फिरला होता, मग एका सकाळी त्यानं उत्कर्षाचे शाळेचे दाखले शोधायला घेतले. प्रचाराच्या बॅनरवर तिचा फोटो वांग्याएवढा आणि त्याचा भोपळ्याएवढा. निवडून आल्यावर पहिले काही महिने शिक्काही त्याच्याच खिशात असायचा. सह्या तेवढ्या तिच्या. ती मुकाट करायची. पण मग ती सही करायच्या आधी कागद वाचू लागली, आणि तिथून त्या घरात कटकटीला सुरुवात झाली.

रहिवासी दाखला लिहायचा म्हणजे वस्तीचं नाव लिहावं लागतं. गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीचं नाव पंचायतीच्या दप्तरात 'महारवाडा' असंच होतं. अशी जातीवरून पडलेली नावं बदला असं सरकारनं सांगितल्याला काही वर्षं झाली होती. आजूबाजूच्या गावांनी बदलली. होनकट्टीत अर्ज यायचा, 'पुढील सभेत घेऊ' असा शेरा पडायचा, आणि पुढची सभा घरपट्टीवर संपायची. उन्हाळ्यात राजशेखर कांबळेच्या मुलीचा दाखला आला. ती सोलापुरात वसतिगृहात राहून शिकणार होती. उत्कर्षानं सही केली आणि तो शब्द बरोबर तिच्या सहीच्या डोक्यावर बसलेला तिला दिसला. तिनं ग्रामसेवकाला विचारलं, "हे मी लिहिलंय असं वाटतंय की हो?" ग्रामसेवक म्हणाला, "मॅडम, सही तुमचीच आहे ना." म्हणून तिनं नाव बदलायचा विषय पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत घातला, सहा नंबरला.

"तू झेडपीचा विचार कर," युवराज म्हणाला. "औंदा आपला गट खुला सुटायची शक्यता हाय. वरच्या गल्लीचं एकेक मत मोजून ठेवलंय मी. त्यांना काय सांगू? बायको ऐकत न्हाय म्हणून?"

"सांगा की. खरंच आहे ते."

तेवढ्यात बाहेर मोटारीचा आवाज आला आणि युवराजला हायसं वाटलं. दादा आला.

*

बिभीषण ननवरे, युवराजचा थोरला भाऊ, सोलापुरात सात रस्त्याजवळ फ्लॅट घेऊन राहायचा आणि तिथल्याच एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवायचा. समता, बंधुता या विषयांवर त्याला आसपासच्या तालुक्यांत भाषणाला बोलावत. भाषणात एक गोष्ट हमखास असायची. दुष्काळाच्या शेवटच्या उन्हाळ्यात, गावात दुसरीकडं कुठंच पाणी नसताना, आपले वडील कोंडीबा ननवरे यांनी आपली वाटेवरची विहीर सगळ्या जातींना खुली केली ती. त्या विहिरीवर त्यानं स्वतः एक संगमरवरी पाटी बसवून घेतली होती.

म्हणून उत्कर्षाला तो आलेला पाहून बरंच वाटलं. युवराजला वाटलं दादा हिला समजावेल आणि हिला वाटलं भावजी त्यांना समजावतील. ओट्यावर चटई टाकली. सासूबाई, बजाबाई, भिंतीला टेकून शेंगा फोडत बसल्या होत्या. पंचमीला माढ्याहून माहेरी आलेली नणंद पिंकी अजून परत गेली नव्हती, ती चहाचं बघत होती.

"हे बघ युवराज," बिभीषण म्हणाला, "नाव बदलायलाच पाहिजे. त्यात वाद नाही. हा आपल्या घराण्याचा वारसा आहे."

"ऐकलं?" उत्कर्षा म्हणाली.

"दादा, तू सोलापुरात राहतोस," युवराज म्हणाला. "तुला काय जातंय? सकाळी चावडीवर मला बसायचं असतंय. वरच्या गल्लीचे म्हणत्यात, रस्ता तर आपल्या दारावरनंच जातो. उद्या आपलापण पत्ता बदलायचा."

"पत्ता वस्तीचा बदलतोय, रस्त्याचा नाही," उत्कर्षा म्हणाली. "हे मी त्यांना सांगितलंय. दोनदा सांगितलंय. ऐकतात, मान हलवतात, आणि परत येऊन तेच विचारतात."

पिंकी चहा घेऊन आली. "वैनी, पण मी म्हणते कशाला ही डोकेदुखी?" ती कप ठेवत म्हणाली. "निवडणूक होऊ दे की. मग बदला काय बदलायचंय ते. युवराजदादा दोन वर्षं पळतोय त्या झेडपीसाठी."

"वन्सं, तुम्ही पण?"

"मी काय वाईट सांगतेय का? माझ्या भावाचं बघणार की मी."

उत्कर्षानं कप घेतला. पिंकीची आणि तिची चांगली गट्टी होती, पण भावाचा विषय आला की पिंकी भावाकडं. ते तिला ठाऊक होतं, तरी राग यायचा तो आलाच.

चहा संपत आला तेव्हा फाटकापाशी राजशेखर दिसला. एसटीत कंडक्टर होता. ड्यूटी संपवून तसाच आला होता, खाकी शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"या, या राजशेखर!" बिभीषण उठून उभा राहिला. "अगदी वेळेवर. बसा. तुमचाच विषय चाललाय."

"आमचा विषय सगळीकडंच चाललेला असतो, सर," राजशेखर म्हणाला आणि चटईवर बसला. "मॅडम, वस्तीची बैठक झाली काल समाजमंदिरात. नाव ठरलं. सभेत मी मांडतो, फक्त तुम्हाला आधी कानावर घालावं म्हणून आलो."

"त्याबद्दलच मी विचार करत होतो," बिभीषण म्हणाला. "'समतानगर' कसं वाटतं? कुणाला आक्षेप घ्यायला जागाच नाही. सर्वसमावेशक आहे."

राजशेखरनं त्याच्याकडं पाहिलं. "सर, तुमच्या फ्लॅटला नाव देताना आमच्या वस्तीत बैठक घेतली होती का तुम्ही?"

पिंकीला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला.

"तसं नव्हे हो. मी आपली सूचना केली."

"सूचना चांगली आहे. पण दोन गावं सोडून एक समतानगर आहे, तिथं अजून गटार नाही. आमच्या लोकांना तसलं नाव नको. आम्ही 'तुळसाबाईनगर' ठरवलंय."

बजाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोण तुळसाबाई?" उत्कर्षानं विचारलं.

"आमच्या वस्तीतली. वारून लई वर्षं झाली. मागं तिचं कुणी नाही आता हितं. तुमच्या वाटेवरच्या विहिरीतनं पहिली घागर तिनं काढली." राजशेखर उठला. "चहा नको, मॅडम. सकाळपास्नं चहावरच आहे. येतो."

तो गेला. बिभीषण बसला होता तो उठून येरझाऱ्या घालू लागला.

*

पिंकीला आपल्या थोरल्या भावाचा हा चेहरा ओळखीचा होता. भाषणात आवाज चढला तरी कपाळ गुळगुळीत असायचं. घरातलं काही मनाविरुद्ध झालं की दोन भुवयांच्या मधे खळी पडायची. आता पडली होती.

"हे नाव नको," बिभीषण म्हणाला.

"का?" उत्कर्षा म्हणाली. "आत्ता तुम्ही म्हणालात वादच नाही."

"नाव बदलण्याबद्दल वाद नाही. कुठलं नाव, हा प्रश्न आहे. त्या विहिरीचा एक इतिहास आहे. तिथं पाटी आहे. उद्या वस्तीला त्या बाईचं नाव दिलं की लोक विचारणार, मग कोंडीबा ननवरेंनी काय केलं? आपण आपल्याच हातानं वडिलांचं नाव पुसायचं?"

"बघ," युवराज उत्साहानं म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

"तुम्ही वेगळं म्हणत होता. तुम्ही मतांचं म्हणत होता."

"तेच ते."

"तेच कसं?"

"उत्कर्षा, मी तत्त्वतः तुझ्याच बाजूचा आहे," बिभीषण म्हणाला. "पण प्रत्येक गोष्टीची वेळ असते. उद्याची सभा जाऊ दे. जानेवारीत पुन्हा ग्रामसभा आहे. तोपर्यंत मी त्यांच्याशी बोलतो, मध्यम मार्ग काढतो. इतकी वर्षं थांबलेत ते, अजून थोडं थांबले तर काय बिघडतं?"

उत्कर्षानं डोळे मिटले. ह्या माणसाचं एक भाषण तिनं लग्नाआधी ऐकलं होतं. स्थळ आलं तेव्हा वडिलांना ती म्हणाली होती, घर विचारांचं आहे.

"मला पण असंच म्हणाला होतास तू," पिंकी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"नर्सिंगला जायचं होतं मला. सोलापुरात नंबर लागला होता. तू म्हणालास, माझं तत्त्वतः काही म्हणणं नाही, पण थोडं थांब, युवराजचं होऊ दे. थांबले. मग माढ्याचं स्थळ आलं."

"पिंके, तो विषय इथं कुठं आला?"

"आला नाही, मी आणला. थोडं थांब म्हणणाऱ्याला थांबावं लागत नाही कधी, म्हणून आणला." तिनं कप गोळा करायला घेतले, फार आवाज करत. "वैनी, तुझं तू कर. युवराजदादा, तुझी झेडपी तू बघ. मला विचारू नका."

"आत्ता तर माझ्या बाजूनं होतीस!" युवराज म्हणाला.

"होते."

बिभीषण आईकडं वळला. घरात शेवटचा शब्द आपल्या बाजूनं पाडायचा असला की तो आईकडं वळायचा. "आई, तू सांग हिला. नानांनी विहीर खुली केली तेव्हा तू होतीस. ह्या घराला वाळीत टाकायची भाषा झाली होती, तरी नाना मागं हटले नाहीत. सांग."

बजाबाईंनी सुपातली टरफलं बाजूला सारली.

"कोण बोललं तुला, वाळीत टाकणार हुते म्हून?"

"नानाच सांगायचे."

"त्यो सांगायचा. लई सांगायचा." त्यांनी गुडघा चोळला. "मी नवी नवरी हुते. तुळसा आली, घागर घिऊन पायऱ्या उतरली. तुजा बाप मोटंजवळ हुता. पळत आला आन् घागरीला लात घातली. घागर खाली दगडावर. मग मला म्हनला, जा, गोमूत्र घाल आन् पायऱ्या धू. सगळ्या पायऱ्या. मी धुतल्या."

"आई—"

"ऐक की. इचारलंस न्हवं? दुसऱ्या दिशी आली ती परत. चेपलेली घागर घिऊन. परत त्यानं हाकललं, परत मी पायऱ्या धुतल्या. मग त्यानं बाभळीच्या फांद्या टाकल्या पायऱ्यांवर. तिनं त्या हातानं उचलून काठावर ठिवल्या, नीट रचून, आन् उतरली. संगं आनि दोगी जावा. रोज यायच्या. वरच्या गल्लीचे गडी राखनीला बसले, पन पेरनी आली की. पेरनी सोडून कोन बसतंय बायकांवर नजर ठिऊन? माझी कंबर गेली पायऱ्या धुऊन धुऊन. एक दिस मी म्हनले, धनी, आता तुमीच धुवा."

पिंकी कप हातात घेऊन दारातच उभी राहिली होती.

"मग?" उत्कर्षानं विचारलं.

"मग काय. दमला त्यो. पुढं मामलेदार आला जीपमधनं, बघतो तर बाया पानी भरत्यात. म्हनला, ही कुनाची इहीर? तुजा बाप फुडं झाला, हात जोडून म्हनला, माजी हाय, पन सगळ्यांची हाय. मामलेदारानं पाठ थोपटली. संपलं."

"हे तू कधी बोलली नाहीस," बिभीषण म्हणाला.

"कुनी इचारलं? पाटी लावताना इचारलंस? गावातल्या म्हाताऱ्यांना सगळं ठावं हाय. ती काय चोरून ठिवलेली गोष्ट हाय का? तू सभेत बोलायचास, लोक माना हलवायचे, मला वाटायचं चाललंय तर चालू दे." त्या भिंतीला धरून उठल्या. "आता मला इचारू नगा. हिनं नाव द्यावं का न देवं ते हिला ठावं. मी हिच्या बाजूनं न्हाय आन् तुमच्या बाजूनं बी न्हाय. मला भाकरी टाकायच्यात."

*

युवराजला त्या संध्याकाळी आईचा राग आला नाही, दादाचाही नाही. त्याला राग आला तो आपण काही तरी करायला हवं ह्याचा. दादा गाडी काढून सोलापूरला निघून गेला, उद्या कॉलेजातही झेंडावंदन आहे म्हणून. उत्कर्षा नियमांचं पुस्तक घेऊन बसली. मग त्याला कोरमची कल्पना सुचली आणि ती त्याला फार आवडली. भांडण नको, विरोध नको, कुणी वाईट बोलायला नको. लोक आलेच नाहीत तर सभाच होत नाही. त्यानं वरच्या गल्लीत फोन केले. उद्या झेंड्याला या, जिलेबी खा आणि रानात जा.

तसंच झालं. शाळेसमोर झेंडा चढला, पोरांनी कवायत केली, जिलेबी वाटली, आणि पंधरा मिनिटांत वरची गल्ली पांगली. पंचायतीसमोरच्या मांडवात खालच्या वस्तीतली माणसं बसली होती, बायका पुढं, म्हातारे खुर्च्यांवर. मधे रिकाम्या सतरंज्या. ग्रामसेवकानं डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि उत्कर्षाच्या कानाशी वाकला.

"मॅडम, गणपूर्ती होत नाही."

"वाट बघू."

वाट बघितली. ऊन वर आलं. युवराज मांडवाच्या बाहेर मोटारसायकलला टेकून उभा होता आणि मोबाइलमध्ये काहीतरी वाचत असल्याचं दाखवत होता. त्याच्याकडं एकदा उत्कर्षानं पाहिलं. तिला सगळं कळलं. हे रात्रीच ठरलेलं आहे हे कळलं आणि आपण ह्या माणसासाठी सकाळी उठून भाकरी केली हेही आठवलं.

"झालं," राजशेखर उठून म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "माझ्या बापानं अर्ज दिला होता. मग मी दिला. दर वेळी काहीतरी होतं. एकदा आचारसंहिता होती, एकदा ग्रामसेवकाची बदली. आज माणसं कमी. आमी माणसं न्हाय का? हा मांडव भरलाय तो कुणी भरलाय?"

"राजशेखरभाऊ, बसा," उत्कर्षा म्हणाली.

"बसतोच आहे, मॅडम. बसूनच आहोत."

ती उभी राहिली. माईक तिनं आजवर वाचून दाखवायलाच हातात घेतला होता. "गणपूर्तीअभावी ही सभा तहकूब करण्यात येत आहे," ती म्हणाली, आणि बाहेर युवराजनं मोबाइल खिशात टाकलेला तिनं पाहिला. "तहकूब सभा पुढच्या गुरुवारी, ह्याच जागी, सकाळी. विषय हेच. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. जे येतील त्यांची सभा. ग्रामसेवक, नोटीस आजच लावा."

युवराजनं मान वर केली. "हे कधी ठरलं?" तो ग्रामसेवकाला म्हणाला.

"नियमच आहे, साहेब," ग्रामसेवक म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

*

मधल्या दिवसांत घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. युवराज जेवायला उशिरा येई. पिंकीचा नवरा फोन करून विचारी कधी येतेस, ती म्हणे, गुरुवार होऊ दे. सोलापूरहून बिभीषणचा फोन नव्हता. बजाबाईंना सभेला चला म्हटलं तर त्या म्हणाल्या, माजा गुडगा दुखतोय, आन् आले तर लोक म्हनतील सासूला आनलं.

उत्कर्षाला मात्र वाटत होतं, कुणीतरी येईल. वरच्या गल्लीतली निदान एक-दोन माणसं. ती दोन घरी जाऊन आली. एका घरी चहा मिळाला आणि "बघतो की" मिळालं. दुसऱ्या घरी एक शाळकरी पोर होती, तिनं आतून सांगितलं, बाबा मंद्रूपच्या बाजाराला गेलेत. बाबांच्या चपला दारातच होत्या.

गुरुवारी मांडव नव्हता. पंचायतीच्या हॉलमध्येच सभा होती. खालची वस्ती आली, झेंड्याच्या दिवसापेक्षा जास्त. राजशेखरनं रजा टाकली होती. हॉल भरला, ओटा भरला. वरच्या गल्लीचं कुणी नव्हतं. पिंकी मागं दाराशी बसली; तिचं मत माढ्यात, ती बोलू शकत नव्हती, नुसती बसली होती.

पहिले पाच विषय झाले. ग्रामसेवकानं सहावा वाचला. राजशेखर उभा राहिला. "जातिवाचक नाव काढून वस्तीस 'तुळसाबाईनगर' असे नाव द्यावे, असं मी सुचवतो."

"सूचक राजशेखर कांबळे," ग्रामसेवकानं लिहिलं. "अनुमोदक?"

उत्कर्षा दाराकडं बघत राहिली. दारातून बाहेरचा रस्ता दिसत होता. वडाखाली युवराजची मोटारसायकल उभी होती, तो कट्ट्यावर पाठमोरा बसला होता. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. तिला वाटलं, आत्ता तो उठेल. किंवा ते चपलांचे बाबा येतील. कुणीतरी आपल्यातलं. तिनं ग्रामसेवकाला हातानं थांबवलं.

"मॅडम," राजशेखर म्हणाला. "कुणासाठी थांबलाय?"

"अनुमोदन वरच्या गल्लीतून आलं तर बरं दिसेल," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

"कुणाला बरं दिसंल?"

तिनं समोरचा कागद उगाच सरळ केला.

"आमच्या वस्तीचं नाव आहे," राजशेखर म्हणाला. "आमचीच माणसं अनुमोदन देतील की. मतदारयादीत आहोत आमी. तुमी खुर्चीत आहात, तुमचं काम तेवढं करा. वरच्या गल्लीची वाट बघत आमची एक पिढी गेली, आता तुमी पण तेच करायला लागलात."

तिला ह्याआधी कुणी असं बोललं नव्हतं. चेहरा तापला. क्षणभर तिला राग आला, आपण ह्यांच्यासाठी घरात एवढं ओढवून घेतलं म्हणून; आणि हा राग बिभीषणच्या आवाजात आपल्या डोक्यात बोलतोय हे कळल्यावर ते जास्तच लागलं. तिनं दाराकडं वळलेली खुर्ची सरळ करून हॉलकडं तोंड केलं.

"अनुमोदक कोण?" तिनं विचारलं.

पुढच्या रांगेतली एक बाई उठली. मग दुसरी. मग इतक्या जणी उठल्या की ग्रामसेवक म्हणाला, "एकच नाव पाहिजे, बसा, बसा!" आणि हॉलमध्ये पहिल्यांदा हशा पिकला.

"हात वर करा," उत्कर्षा म्हणाली. हात वर झाले. "विरोधात?" कुणी नाही. "ठराव सर्वानुमते मंजूर."

टाळ्या फार झाल्या नाहीत. माणसं उठून एकमेकांशी बोलायला लागली. मागची पिंकी तेवढी जोरजोरात टाळ्या वाजवत होती आणि सगळे तिच्याकडं बघत होते.

उत्कर्षा सही करून उठली तर राजशेखर टेबलापाशी उभा. "बोललो त्याचं वाईट वाटलं का?"

"वाटलं," ती म्हणाली.

"वाटू दे," तो म्हणाला. पण बोलताना हसला, आणि पुढच्या सभेसाठीचा एक अर्ज त्यानं टेबलावर ठेवला.

*

घरी आली तर युवराज जेवायला बसलेला. बजाबाई चुलीपाशी. पिंकी आधीच येऊन बॅग भरत होती. उत्कर्षानं हातपाय धुतले आणि फोन वाजला. बिभीषण होता. तिनं स्पीकर लावून फोन फळीवर ठेवला, हात ओले होते.

"उत्कर्षा, अभिनंदन! आत्ताच कळलं. हे फार मोठं काम झालं. हे बघ, आमच्या इथं सात रस्त्याला एक संस्था आहे, त्यांना तुझा सत्कार करायचाय. मी प्रास्ताविक करीन. ननवरे घराण्यातल्या दोन पिढ्या असं काहीतरी—"

पिंकीनं बॅगेची चेन करकचून ओढली. "दादा, तू खरंच..." ती म्हणाली आणि पुढचं गिळलं.

"भावजी, ती पाटी काढा आधी विहिरीवरची," उत्कर्षा म्हणाली.

"ते... बघू. तत्त्वतः बरोबर आहे तुझं."

"तत्त्वतः नको. रविवारी या, पहार घेऊन या. सत्काराला मी येणार नाही, मला वेळ नाही. पुढच्या सभेचा विषय आलाय." तिनं फोन बंद केला.

युवराज इतका वेळ ताटाकडं बघत जेवत होता. "झेडपी गेली माझी," तो म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं, थकवा होता. "वरच्या गल्लीनं सांगितलं आत्ता कट्ट्यावर."

"खालच्या वस्तीत मतं नाहीत का?" ती म्हणाली. "मागायला गेलात कधी?"

भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून त्यानं विचारलं, "पुढचा विषय कुठला आता?"

"स्मशानभूमीचा रस्ता. खालच्या वस्तीला मयत न्यायला वाट नाही. पावसाळ्यात ओढ्यातनं नेतात, खांद्यावरचा माणूस सावरत."

"मग कुठनं काढणार रस्ता?"

"एकच जागा आहे. आपल्या रानातनं."

युवराजनं हातातला घास ताटात परत ठेवला आणि तिच्याकडं पाहिलं. पिंकी बॅग तशीच सोडून चौकटीत येऊन उभी राहिली.

बजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "त्याला अजून एक वाढ गं," त्या म्हणाल्या. "ह्ये बोलनं लई लांबनार हाय."